फळ्यावरची नावे

एका मलयाळम कथेच्या इंग्रजी अनुवादावरून मराठी करताना मी एका शब्दापाशी अडले. कथेतला म्हातारा आपल्या शाळासोबत्याला 'चट्टंबी' म्हणतो. इंग्रजी अनुवादकाने तिथे 'गुंड' या अर्थाचा शब्द ठेवला होता, पण प्रसंगात तो बसेना. तो मुलगा गुरुजींच्या शेजारी बसणारा, लहान मुलांकडून अक्षरे गिरवून घेणारा होता. मलयाळम जाणणाऱ्या मैत्रिणीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "दोन्ही अर्थ खरेच आहेत. आज चट्टंबी म्हणजे गुंड. आधी चट्टंबी म्हणजे वर्गाचा मॉनिटर."

'चट्टम' म्हणजे नियम. नियम पाळायला लावणारा तो चट्टंबी. केरळातले थोर समाजसुधारक चट्टंबी स्वामी (१८५३–१९२४) यांना हे नाव मिळाले तेच मुळी गुरुजींनी त्यांना वर्गाचे प्रमुख नेमले होते म्हणून, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. तमिळमध्ये याच कुळातला 'सट्टांपिळ्ळै' हा शब्द आहे. घराच्या ओट्यावर, म्हणजे 'तिण्णै'वर भरणाऱ्या जुन्या शाळांत धाकट्यांना पाठ देणारा आणि गुरुजी नसताना शाळा सांभाळणारा थोरला विद्यार्थी म्हणजे सट्टांपिळ्ळै. एकाच शब्दाच्या एका टोकाला संत आणि दुसऱ्या टोकाला गल्लीतला दादा कसा उभा राहिला, याचा नेमका इतिहास भाषाशास्त्रज्ञ सांगतील. मला एवढेच दिसते, की नियम सांभाळायला दिलेला मुलगा आणि दमदाटी करणारा मुलगा यांत फार अंतर नाही, हे भाषेने पूर्वीच ओळखले असावे.

मराठीत आपण या मुलाला वर्गनायक म्हणतो, वर्गप्रमुख म्हणतो, वर्गप्रतिनिधी म्हणतो. प्रत्यक्षात सगळे मॉनिटरच म्हणतात. तीन मराठी शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. नायक पुढे चालतो, प्रमुख वर बसतो, प्रतिनिधी इतरांच्या वतीने बोलतो. 'मॉनिटर'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ मात्र बजावणे, सावध करणे असा आहे. कुठल्याही शाळेत जाऊन पाहिले तर हा मुलगा चारांपैकी नेमके कोणते काम करतो, हे फळ्याच्या कोपऱ्यावरून कळते. तिथे 'बोलणाऱ्यांची नावे' असे लिहून खाली रेघ मारलेली असते.

या शब्दांचा विचार मी हौसेने करत होते, त्याच सुमारास तो गरजेचा झाला. मी बडोद्यात राहते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई टिफिनचे डबे करून देतात. मला त्या 'बेन' म्हणतात, मीही त्यांना बेनच म्हणते. त्यांची मुलगी दहावीला गेली आणि शाळेने तिला विद्यार्थिनी-प्रमुख नेमले. मुलगी हरखली होती. आईने मात्र मला जिन्यात थांबवून विचारले, "बेन, हे पद घ्यायला लावू की नको? अभ्यास बुडेल का?" त्यांनी हिशेब मांडला होता. मुलगी पहाटे उठून पोळ्या लाटायला बसते. शाळेत प्रार्थनेच्या आधी वीस मिनिटे पोचायचे, मधल्या सुट्टीत जिन्यापाशी उभे राहायचे, पाहुणे आले की तालीम, स्नेहसंमेलनाआधी महिनाभर तासांना दांडी. हे सगळे दहावीच्या वर्षात. "शाळेचं काम तीच करणार, घरचं कामही तीच करणार," त्या म्हणाल्या, "मग अभ्यास कोण करणार?"

या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिले नाही. नेतृत्वाने व्यक्तिमत्त्व घडते, हे शाळांच्या माहितीपुस्तिकेतले वाक्य मला तोंडपाठ होते, पण ते वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची हिंमत होईना.

एखादी शाळा मुलाच्या हाती दुसऱ्या मुलांची जबाबदारी का देते, याचे आधुनिक शिक्षणातले एक ठळक मूळ आपल्याच देशात सापडते. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक मद्रासला एग्मोर इथल्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख झाला. युरोपीय सैनिकांची, बहुतेक भारतीय आयांच्या पोटी जन्मलेली मुले तिथे राहत. एका सकाळी घोड्यावरून जाताना त्याला एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढत होती. महाराष्ट्रातल्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर हेच चालत असे. बेलने ही रीत आपल्या शाळेत आणायचे ठरवले. त्याच्या हाताखालच्या शिक्षकांनी दाद दिली नाही, तेव्हा त्याने हे काम जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलावर सोपवले. तो एका साध्या शिपायाचा मुलगा होता. फ्रिस्कनने धाकट्यांना अक्षरे शिकवली, ती त्यांना आली, आणि मग बेलने सगळी शाळाच या तत्त्वावर उभारली: थोड्या पुढे गेलेल्या मुलाने थोड्या मागे असलेल्याला शिकवायचे.

१७९७ मध्ये, लंडनला परतल्यावर, बेलने या प्रयोगावर एक छोटे पुस्तक छापले. 'मद्रास पद्धत' म्हणून ती इंग्लंडभर गेली. वाळूत लिहिण्याचे श्रेय त्याने देशी शाळेला दिले, मुलांनी मुलांना शिकवण्याचे श्रेय मात्र स्वतःकडे ठेवले. ओट्यावरचा सट्टांपिळ्ळै त्या पुस्तकात नाही. त्याच सुमारास, १७९८ मध्ये, जोसेफ लँकेस्टर याने लंडनच्या सदर्क भागात गरीब मुलांसाठी अशीच शाळा काढली आणि एका शिक्षकाच्या नजरेखाली शेकडो मुले बसवून दाखवली. पुढे १८२२ साली मुंबईत देशी भाषांतल्या शाळांसाठी आणि शालेय पुस्तकांसाठी जी सोसायटी स्थापन झाली, तिच्या शाळांतही लँकेस्टरच्या धर्तीवरची पद्धत आली. देशी ओट्यावरची गोष्ट अशी विलायती होऊन परत आपल्या दारात उभी राहिली.

या इतिहासातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. मॉनिटर-पद्धतीची तारीफ करणारे दोन कारणे देत. पहिले, शिकवणारा मुलगा स्वतः अधिक पक्के शिकतो. दुसरे, ही पद्धत स्वस्त आहे. एका पगारात शेकडो मुले शिकतात. दोन्ही कारणे खरी होती आणि दोन्ही एकाच श्वासात सांगितली जात. पण ती एकाच जातीची कारणे नाहीत. पहिले कारण मुलाच्या बाजूने बोलते, दुसरे संस्थेच्या. जिथे दोन्ही जुळतात तिथे वाद नाही. जिथे ती एकमेकांपासून सुटतात, तिथे शाळा कोणत्या कारणाने वागते, हा खरा नैतिक प्रश्न आहे. लँकेस्टरच्या शाळेत त्याचे उत्तर दिसते. तिथे मॉनिटरांची उतरंडच होती: वाचनाचा मॉनिटर, गणिताचा मॉनिटर, हजेरीचा मॉनिटर. शिस्त मोडणाऱ्याच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवणे, त्याला टोपलीत बसवून छताला टांगणे अशा शिक्षा लँकेस्टरने स्वतःच वर्णन केल्या आहेत. शिकवायला नेमलेला मुलगा थोड्याच काळात पहारेकरी झाला, कारण शेकडो मुलांच्या खोलीत संस्थेला शिक्षकापेक्षा पहारेकऱ्याची गरज जास्त होती.

आता बेनच्या प्रश्नाकडे वळू. अभ्यास बुडतो का? यावर अभ्यासकांनी काम केले आहे आणि त्यांची उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. १९८२ मध्ये पीटर कोहेन, जेम्स कुलिक आणि चेन-लिन कुलिक यांनी, शाळेत मुलांनीच मुलांना शिकवण्याच्या ६५ उपक्रमांचे मूल्यमापन एकत्र तपासले. शिकणाऱ्या मुलांचे गुण वाढले होतेच, शिकवणाऱ्या मुलांचेही वाढले होते. बेलचे पहिले कारण इतक्या वर्षांनी आकड्यांवर टिकले. २००५ मध्ये पीटर कून आणि कॅथरीन वाइनबर्गर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पुरुषांची माहिती तपासली, तेव्हा माध्यमिक शाळेत संघाचे कप्तान किंवा मंडळाचे अध्यक्ष असलेल्यांची पुढची कमाई इतरांपेक्षा ४ ते ३३ टक्के जास्त आढळली; बौद्धिक चाचण्यांतल्या गुणांचा फरक हिशेबात घेऊनही.

अशा कुठल्याही आकड्यावर एक साधी शंका येते. कप्तान नेमला जातो तो आधीच चुणचुणीत, आधीच धीट, आधीच शिक्षकांच्या डोळ्यांत भरलेला. तो पुढे यशस्वी झाला तर ते पदामुळे की त्याच्या मूळच्या गुणांमुळे? ही गाठ सोडवायची तर पद चिठ्ठ्या टाकून द्यायला हवे, आणि कोणती शाळा तसे करेल? चीनमधल्या एका माध्यमिक शाळेत ते झाले. मायकेल अँडरसन आणि फांगवेन लू यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात आला. वर्गातली पदे तिथे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी निघावी तशी, दिली गेली. ज्यांच्या वाट्याला पद आले त्यांचे परीक्षेतले गुण वाढले, वर्गातली लोकप्रियता वाढली, आपण होऊन पुढाकार घेण्याची वृत्ती वाढली. यश कशाने मिळते याविषयीच्या त्यांच्या समजुतीही बदलल्या.

इथे कुणी म्हणेल, मग प्रश्न मिटला. पद घ्यावे, गुण वाढतील. मला मात्र वाटते, प्रश्न इथे सुरू होतो. पदाने मुलाचे भले होते हे खरे असेल, तर ते पद कुणाला मिळते हा न्यायाचा प्रश्न होतो. आपल्या शाळांत ते बहुधा पहिल्या पाचांतल्याला मिळते. ज्याची भाषा स्वच्छ, ज्याचा गणवेश इस्त्रीचा, ज्याचे पालक शाळेत येऊन शिक्षकांशी बोलू शकतात, त्याला मिळते. पद म्हणजे बक्षीस असे आपण मानतो. परंतु ते शिक्षणाचे साधन असेल, तर ज्याला आधीच येते त्यालाच पुस्तक देण्यासारखे ते झाले. चीनमधल्या अभ्यासातला माझ्या मते सर्वांत बोलका भाग निष्कर्षांत नाही, पद्धतीतच आहे. ज्याचे नाव निघाले त्याला काम जमले. नेतृत्व अंगचे असते, असे मानून आपण ज्यांना वगळतो, त्यांच्यापैकी कित्येकांना ते कदाचित फक्त दिले गेलेले नसते.

तरीही बेनची शंका पुरती निवत नाही, कारण 'पद' या एका शब्दाखाली दोन वेगळी कामे दडलेली असतात. एक, समजावून सांगणे. दुसरे, पाळत ठेवणे. शेजारच्या मुलीला वर्गसमीकरण समजावणारी मुलगी स्वतः त्या गणिताच्या आत असते. आपल्याला नेमके कुठे कळलेले नाही, हे समजावताना तिला आपोआप कळते. जिन्यापाशी उभी राहून पळणाऱ्यांची नावे टिपणारी मुलगी शिक्षणाच्या बाहेर असते. ती शाळेत असूनही त्या वीस मिनिटांपुरती शाळेची नोकर असते, आणि तिला पगार म्हणून बिल्ला मिळतो.

तिच्याकडून जे जाते ते नुसत्या मिनिटांत मोजता येत नाही. वर्गात शिकायचे तर चुकता यावे लागते. "मला कळलं नाही" असे म्हणून हात वर करणे, बाजूच्याच्या वहीत डोकावणे, उत्तर चुकले की सगळ्यांबरोबर हसणे, हे सगळे बरोबरीच्या नात्यात होते. कालच जिचे नाव फळ्यावर लिहिले, तिला आज "हे मला सांग ना" असे कसे म्हणणार? पाळतीचे काम करणारा मुलगा न कळण्याचा हक्क गमावतो. तो हुशार असेल तर एकट्याने अभ्यास करून गुण टिकवतो आणि गुणपत्रिकेत काहीच दिसत नाही. तो मध्यम असेल तर हळूहळू मागे पडतो, आणि मागे पडल्याचे सांगायलाही त्याच्याजवळ कुणी उरत नाही.

काही शिक्षक म्हणतात, हेच तर नीतीचे शिक्षण आहे. मैत्रीण बोलत असताना तिचे नाव लिहावे की नाही, या पेचात मूल प्रामाणिकपणा शिकते. मी यावर बराच विचार केला आहे आणि मला ते पटत नाही. पेच खरा आहे. पण तो मुलासाठी कुणी उभा केला? शिक्षक दहा मिनिटे वर्गाबाहेर गेले, म्हणून. नाव लिहिले तर मैत्री तुटते, नाही लिहिले तर खोटेपणा होतो, आणि दोन्हीपैकी काहीही घडले तरी शिक्षकांची सोय झालेली असते. ज्या परीक्षेत उत्तर कोणतेही असो, फायदा परीक्षकाचा होतो, तिला मी नीतिशिक्षण म्हणणार नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने सांगितले. त्याच्या वाक्यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. मुलांकडून शाळेची कामे करून घेण्यात काही वावगे नाही. त्या कामात मूल स्वतःही साध्य आहे की नाही, एवढेच पाहायचे.

हे पाहिले नाही तर काय होते, हे आपल्या साहित्यात नोंदलेले आहे. ओमप्रकाश वाल्मीकींचे 'जूठन' हे हिंदी आत्मकथन १९९७ मध्ये आले. त्यात शाळकरी ओमप्रकाशला हेडमास्तर वर्गात बसू देण्याऐवजी हातात झाडू देतात आणि शाळेचे आवार झाडायला लावतात. बाकीची मुले वर्गात शिकत असतात. हे काही दिवस चालते, शेवटी वडील ते पाहतात आणि भांडतात. हेही शाळेने विद्यार्थ्याला दिलेले 'काम'च होते. नेतृत्वाच्या चर्चेत आपण त्याची आठवण काढत नाही, कारण बिल्ला आणि झाडू या दोन वस्तू आपल्या मनात दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेल्या असतात. पण शाळेच्या दृष्टीने त्या एकाच कपाटातल्या आहेत: मुलाच्या शिकण्याच्या वेळेतून काढून घेतलेले श्रम. एकाला त्या बदल्यात मान मिळतो, दुसऱ्याला अपमान, आणि कुणाला काय मिळावे हे बरेचदा मूल वर्गात शिरण्याआधीच ठरलेले असते. मुलींच्या बाबतीत याचा आणखी एक पदर आहे. पाहुण्यांना फूल द्यायला, रांगोळी काढायला, पाणी द्यायला मुली. घोषणा द्यायला, आभार मानायला मुलगे. दोघेही 'जबाबदारी'च पार पाडतात. एकाला बोलण्याचा सराव होतो, दुसरीला वाट पाहण्याचा.

ही वाटणी मोडून पाहण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले आहेत. जादवपूरला तौलनिक साहित्य शिकताना मी शांतिनिकेतनला जात असे. तिथे दरवर्षी १० मार्चला 'गांधी पुण्याह' पाळतात. १९१५ मध्ये त्या दिवशी गांधींच्या सांगण्यावरून आणि रवींद्रनाथांच्या संमतीने आश्रमातल्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी स्वयंपाकापासून सफाईपर्यंत सगळी कामे स्वतःकडे घेतली. तो प्रयोग फार टिकला नाही, वर्षातला एक दिवस मात्र उरला. त्या दिवशी आचारी आणि सफाई कामगारांना सुट्टी असते. एका दिवसाने समाज बदलत नाही, हे खरे. पण त्यातली दोन तत्त्वे मला मोलाची वाटतात: काम सगळ्यांना, आणि शिक्षकही त्यातून सुटलेले नाहीत. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये काढलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि वसतिगृहाची कामे स्वतः करत. तिथे श्रम हा शिक्षणाचा खर्च भागवण्याचा मार्ग होता. मुलगा काम करत होता ते त्याला शिकता यावे म्हणून. श्रम कुणासाठी, हे तिथे स्पष्ट होते.

आळीपाळीने काम द्यावे, असे म्हटले की दोन आक्षेप येतात. सगळ्यांना जमत नाही, हा पहिला. त्यावर चिनी शाळेचे उत्तर वर आलेच आहे. शिवाय शाळा ही न जमणारी गोष्ट जमवून पाहण्याचीच जागा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लाजऱ्या, अबोल मुलाला बळेच पुढे ढकलणे ही क्रूरता नाही का? आहे. म्हणून काम एकाच साच्याचे नसावे. कुणी वाचनालयाची नोंदवही सांभाळेल, कुणी नव्याने आलेल्या मुलाला सोबत करेल, कुणी प्रयोगशाळेतली काचेची भांडी मोजेल. नवोदय विद्यालयांत नववीची काही मुले वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या विद्यालयात जातात. तिथे पोचलेल्या परभाषिक मुलाला जेवणाच्या रांगेतले शब्द शिकवणारा वर्गसोबती हा माझ्या लेखी त्या शाळेचा खरा नायक आहे. त्याला बिल्ला नसतो. अनुवादक म्हणून मला त्याच्याविषयी आपुलकी वाटते, हेही सांगून टाकते.

राहिला गुणांचा प्रश्न. नेतृत्वाला न्याय द्यायचा म्हणून आपल्या परीक्षा-मंडळांनी अधूनमधून त्याचे गुणांत रूपांतर करून पाहिले आहे. महाराष्ट्रात दहावीला खेळ, चित्रकला, स्काउट-गाइड यांसाठी वाढीव गुण मिळतात. केंद्रीय मंडळाच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वृत्ती आणि जीवनकौशल्यांनाही श्रेणी होती; २०१७ नंतर ती पद्धत मोडीत निघाली आणि दहावीची बोर्डाची परीक्षा पुन्हा सक्तीची झाली. यामागचा हेतू चांगला होता. परिणाम मात्र असा होतो, की गुणांच्या बाहेर काही मोलाचे आहे हे सांगण्यासाठी आपल्याला गुणच द्यावे लागतात. मग मूल सेवा करते ती गुणांसाठी, आणि ज्या शाळेत स्काउटचे शिक्षकच नाहीत, तिथल्या मुलाला सेवेची संधीही नाही आणि गुणही नाहीत.

'गुण म्हणजे सर्वस्व नव्हे', असे सुशिक्षित घरांत सहज म्हटले जाते. मीही म्हणते. पण ते कोण म्हणते आणि कुणाला म्हणते, याकडे लक्ष द्यायला हवे. ज्या घरात तिसऱ्या पिढीचे पदवीधर आहेत, तिथे दहावीचे चार टक्के कमी पडले तर दुसरे दार उघडते. ओळखी असतात, फी भरता येते, वर्ष वाया गेले तरी चालते. टिफिनच्या डब्यांवर चालणाऱ्या घरात ते चार टक्के म्हणजे सरकारी महाविद्यालयातली जागा असू शकते. त्या घराला नेतृत्वाचे दूरचे फायदे सांगणे म्हणजे ज्याच्याजवळ बसभाड्यापुरतेच पैसे आहेत त्याला ते बँकेत ठेवायला सांगणे. त्या घराला आज पोचायचे असते.

म्हणून मी बेनना घ्या किंवा नको, असे काही सांगितले नाही. शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा, एवढे सुचवले. मुलगी ज्या तासांना बसणार नाही ते तास तिला कोण आणि केव्हा शिकवणार? तिच्या कामात नावे टिपणे आहे का, आणि असल्यास ते काम शिक्षक स्वतः करतील का? सहामाहीनंतर तिला नको वाटले तर अपमान न होता पद सोडता येईल का? त्या गेल्या. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शाळेकडे नव्हते. आजवर कुणी विचारले नव्हते, असे मुख्याध्यापिका म्हणाल्या. मग त्यांनी वहीत लिहून घेतले. दुसऱ्यावर थोडी घासाघीस झाली. तिसऱ्यावर त्या लगेच हो म्हणाल्या. मुलीने पद घेतले. पहाटेच्या पोळ्या आता धाकटा भाऊही लाटतो. आईच्या म्हणण्यानुसार त्या अजून गोल होत नाहीत.

शाळांनी हे तीन प्रश्न पालकांवर सोडू नयेत, असे मला वाटते. विचारायला जाण्याची हिंमत आणि सवड प्रत्येक आईजवळ नसते. मुलाला काम देण्याआधी शाळेनेच ते स्वतःला विचारावेत, कारण देणे इथे दुहेरी असते. मूल शाळेला वेळ देते, तेव्हा शाळा त्याची देणेकरी होते. आणि ते देणे बिल्ल्याने किंवा स्नेहसंमेलनातल्या टाळ्यांनी फिटत नाही. ते बुडालेल्या तासाच्या बदल्यात तास देऊन, अडलेल्या गणितापाशी थांबून आणि वर्गात बरोबरीची जागा परत देऊनच फिटते. जी शाळा हे देणे मान्य करते, तिथे जबाबदारी आणि अभ्यास यांचे भांडण फारसे होत नाही. जी मान्य करत नाही, तिथे गुण कमी झाले नाहीत तरी मुलाकडून काहीतरी घेतले गेलेले असते, आणि त्याची नोंद कुठल्याही गुणपत्रिकेत होत नाही.